जुनं चामडी खोगीर: तपासणी, देखभाल, दुरुस्ती आणि किंमत

जुनं खोगीर हाती आलं की नवखा माणूस आधी चामड्याची चमक बघतो. चमक तासाभरात आणता येते. खोगिराचं खरं मोल असतं ते आतल्या सांगाड्यात, तंग (घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा) बांधायच्या पट्ट्यांत आणि घोड्याच्या पाठीला टेकणाऱ्या गाद्यांत. यातलं काहीच वरून दिसत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तपासणी, मग सफाई, मग दुरुस्ती आणि सगळ्यात शेवटी किंमत. हा क्रम उलटा झाला की नुकसान ठरलेलं. तेलाने माखलेल्या चामड्यावरच्या बारीक भेगा लपतात आणि उसवलेली शिवण गडद रंगात दिसेनाशी होते. विकणाऱ्याने नुकतंच भरपूर तेल लावलेलं खोगीर दुप्पट काळजीने तपासा.

हा लेख मुख्यतः इंग्लिश पद्धतीच्या खोगिरांबद्दल आहे. वेस्टर्न खोगिरात जिथे वेगळं बघावं लागतं, ते पुढे स्वतंत्र सांगितलं आहे.

जवळ काय असावं

- खोगीर ठेवायचा स्टँड, मोजपट्टी, टॉर्च आणि नोंदींसाठी वही
- दोन स्पंज (एक पाण्यासाठी, एक साबणासाठी), मऊ ब्रश, जुना टूथब्रश, सुती फडकी
- ग्लिसरीन असलेला सॅडल सोप आणि चामड्याचं कंडिशनर
- शिवणासाठी बोथट टोकाच्या दोन सुया, आरी, मेण लावलेला लिनन किंवा पॉलिएस्टरचा सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा दोरा, टोकदार छोटी कात्री

१. आधी भाग ओळखा

पुढचा उंचवटा म्हणजे पॉमेल, मागचा कँटल. मधे बैठक. बैठकीच्या दोन्ही बाजूंना छोटी झडप असते तो स्कर्ट, आणि मांडीखाली येणारा मोठा फ्लॅप. स्कर्ट उचललात की रिकिबीचा पट्टा अडकवायचा पोलादी स्टिरप बार दिसतो. मोठा फ्लॅप उचललात की तंग बांधायचे, भोकं असलेले पट्टे दिसतात. सगळ्यात खाली दोन लांबट गाद्या आणि त्यांच्यामधली पन्हळ, म्हणजे गलेट. या सगळ्याला आधार देणारा सांगाडा, ज्याला सगळे ट्री म्हणतात, तो पूर्ण झाकलेला असतो.

२. सांगाडा तपासा: इथे घाई नको

पारंपरिक ट्री बीच लाकडाच्या पातळ थरांचा असतो. पुढच्या कमानीला पोलादी पट्टीचा आधार असतो आणि स्प्रिंग ट्रीमध्ये पॉमेलपासून कँटलपर्यंत पोलादाच्या दोन लवचिक पट्ट्या जातात. अलीकडचे ट्री कृत्रिम द्रव्याचेही असतात. घोडा खोगिरासकट लोळला, खोगीर उंचावरून पडलं, किंवा वर्षानुवर्षं जमिनीवरून चढताना कँटल ओढलं गेलं, तर ट्री तुटतो किंवा पिळतो. वर ओरखडासुद्धा नसेल आणि आतून कमान दुभंगलेली असेल, असं सहज होतं.

पुढची कमान: खोगीर स्टँडवर ठेवा. पॉमेलच्या दोन्ही बाजूंना कमानीची टोकं फ्लॅपखालच्या छोट्या कप्प्यांत शिरतात. तिथे दोन्ही हातांनी घट्ट धरून आधी आत दाबा, मग बाहेर ओढा. काहीही हलता कामा नये. हालचाल जाणवली, ‘कट’ असा आवाज आला किंवा आतून धातू घासल्यासारखी चरचर ऐकू आली, तर कमान गेली असं समजा.

मधला भाग: कँटल पोटाला टेकवा, दोन्ही हातांनी पॉमेल धरा आणि स्वतःकडे ओढा. स्प्रिंग ट्री किंचित लवतो आणि सोडताच पूर्वपदावर येतो. न लवणारा ट्री जवळजवळ स्थिर राहतो. बघायचं ते एवढंच, की दोन्ही बाजू सारख्या वागतात का. एकच बाजू जास्त दबत असेल, किंवा बैठकीच्या सर्वांत अरुंद भागात आडवी, खोल घडी पडत असेल, तर एका बाजूची पट्टी मोडलेली असू शकते.

कँटल: त्याच्या दोन्ही कडा धरून एकमेकींकडे दाबा. ही जागा लवायची नाही.

पीळ: खोगीर स्टँडवर सरळ ठेवून मागून, डोळे कँटलच्या पातळीला आणून बघा. पॉमेलचा मध्य, बैठकीचा मध्य आणि कँटलचा मध्य एका रेषेत आहेत का? मग कँटलच्या मध्यापासून पॉमेलच्या डाव्या आणि उजव्या बाजूला असलेल्या छोट्या गोल बटणापर्यंत मोजा. हातकामात दोन-चार मिलिमीटरचा फरक पडतो. सेंटिमीटरभर फरक म्हणजे ट्री पिळलेला असण्याची दाट शक्यता.

चामडं चामड्यावर घासून येणारी कुरकुर वेगळी, ती निरुपद्रवी असते आणि जागा बदलते. तुटलेल्या ट्रीचा आवाज दर वेळी त्याच जागी, त्याच ताणाला येतो. शंका राहिली तर खोगीर कारागिराकडून गाद्या सोडवून आत बघून घ्या. तुटलेल्या ट्रीचं खोगीर एकदाही वापरू नये. स्वाराचा सगळा भार मग पाठीवरच्या एका बिंदूवर येतो, आणि ती इजा घोडा सांगू शकत नाही.

३. जीव ज्यावर टांगलेला असतो ते भाग

स्टिरप बार उचकटल्यासारखा हलवून बघा. रिव्हेट घट्ट हवेत, गंज खोलवर गेलेला नको आणि दोन्ही बार समान उंचीवर हवेत. बारच्या टोकाला एक छोटा खटका असतो. तो सहज उघडला-मिटला पाहिजे. स्वारी करताना तो उघडाच ठेवायचा असतो, म्हणजे स्वार पडून पाय रिकिबीत अडकला तर पट्टा बारवरून निसटतो. गंजून मिटलेल्या अवस्थेत अडकलेला खटका हा किरकोळ दोष नाही.

तंगाचे पट्टे बहुतेक खोगिरांना दर बाजूला तीन असतात. पारंपरिक रचनेत पहिला पट्टा ट्रीवरून जाणाऱ्या एका स्वतंत्र जाड नवारीला शिवलेला असतो, तर दुसरा आणि तिसरा मिळून दुसऱ्या नवारीला. त्यामुळे तंग पहिल्या-दुसऱ्या किंवा पहिल्या-तिसऱ्या पट्ट्याला बांधायचा. दुसरा आणि तिसरा निवडला तर दोन्ही एकाच नवारीवर येतात, आणि ती नवार तुटली की खोगीर सुटलं. जुन्या खोगिरात कोणते पट्टे जास्त झिजलेत ते पाहिलं की आधीचा मालक कसं बांधत होता तेही कळतं.

प्रत्येक पट्टा भोकांपाशी वाकवा, चामड्याची गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून. आडव्या भेगा उघडल्या तर पट्टा बाद. भोकं गोलाऐवजी लांबट झाली असतील, किंवा दोन शेजारच्या भोकांमधली जागा पातळ झाली असेल, तरी बाद. मग पट्टा जिथे नवारीला शिवला आहे ती वरची शिवण टॉर्चने बघा आणि नखाने खरवडा. दोरा पिठासारखा सुटत असेल तर तो कुजला आहे. नवारीच्या कडा विरल्या आहेत का, तेही इथेच बघून घ्या. पट्टे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला ताणलेले असले की खोगीर एका अंगाला ओढलं जातं.

रिकिबीचे पट्टे शेजारी शेजारी टांगून लांबी मिळवा. बहुतेक स्वार डावीकडून चढतात, म्हणून डावा पट्टा जास्त ताणलेला असतो. थोडा फरक असेल तर अधूनमधून बाजू बदलत राहा. फरक एका भोकाहून मोठा असेल तर नवी जोडी घ्या. रिकिबी स्टेनलेस स्टीलच्याच वापरा. जुन्या निकेलच्या रिकिबी पिवळट झाक मारतात, त्या मऊ असल्यामुळे वाकतात आणि तुटतात.

४. गाद्या

खोगीर उलटं करा. दोन्ही गाद्या जाडीला, लांबीला आणि आकाराला सारख्या आहेत का बघा. मग चार बोटं आणि अंगठा यांच्या चिमटीत धरून पुढून मागे दाबत जा. लोकरीची भर सगळीकडे एकसारखी, किंचित दबणारी हवी. गोळे, पोकळ खड्डे किंवा लाकडासारखा टणकपणा म्हणजे भर बदलायची वेळ झाली. नव्या खोगिराची भर वापर सुरू झाल्यावर साधारण सहा महिन्यांत बसते, तेव्हा ती तपासून घ्यावी लागते. नंतर वर्षातून एकदा पुरतं. वर्षानुवर्षं हात न लावलेली गाद्यांची भर जवळजवळ नक्कीच बदलावी लागणार, हे गृहीत धरूनच बोली लावा. फोमच्या गाद्यांना दुरुस्ती नाही. फोम चुरला की गादीच बदलायची.

५. चामड्याची नाडी

पांढरा थर दिसला की सगळे त्याला बुरशी म्हणतात. तो नेहमीच बुरशी नसतो. चामड्यातली चरबी थंडीत पृष्ठभागावर येऊन मेणासारखी साठते. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून सोडा: थर वितळून गायब झाला तर ती चरबी, फडक्याने पुसून टाका. तसाच राहिला, केसाळ दिसला आणि कुबट वास आला, तर बुरशी. बुरशीचं खोगीर आधी उघड्या हवेत सावलीत वाळवा, मग घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडा, आणि शेवटी पाणी मिसळलेल्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या फडक्याने पुसा. आधी एका लपलेल्या कोपऱ्यात रंग उतरतो का ते बघून घ्या.

चामडं बोटाने चोळल्यावर तांबूस भुकटी हाताला लागत असेल तर तो रेड रॉट. वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या जुन्या चामड्यात हवेतल्या गंधकाच्या प्रदूषणामुळे आम्ल तयार होतं आणि तंतू आतून खचतात. हे नुकसान भरून निघत नाही. असं खोगीर शोभेपुरतं ठेवा.

कोरडं पडलेलं आणि भेगाळलेलं यांतला फरक ओळखायला शिका. कोरडं चामडं वाकवल्यावर फिकट रेषा दिसतात, ते कंडिशनरने बरंचसं सावरतं. भेगेत तंतू तुटलेले दिसले तर कोणतंही तेल ते जोडू शकत नाही.

६. सफाई

रिकिबीचे पट्टे आणि तंग काढा. कोरड्या ब्रशने धूळ आणि केस झाडा, विशेषतः गलेटमधून. आता स्पंज कोमट पाण्यात बुडवून इतका पिळा की दाबल्यावर थेंब पडू नये, आणि घाम-मळ पुसून काढा. पाणी गढूळ झालं की बदला. फ्लॅपच्या आतल्या बाजूला घाम, चरबी आणि धूळ मिळून काळे चिकट ठिपके बसतात. त्यांवर थोडा साबण लावून पाच मिनिटं थांबा आणि नखाने किंवा मऊ नायलॉनच्या जाळीने काढा. चाकू लावलात तर चामड्याची वरची साल निघते, ती परत येत नाही.

साबण लावताना दुसरा स्पंज जेमतेम ओलसर हवा. फेस आला म्हणजे पाणी जास्त झालं. शिवणीच्या ओळींवरून टूथब्रश फिरवा. शेवटी स्वच्छ ओलसर फडक्याने साबण पुसून घ्या, कारण राहिलेला साबण पुढची धूळ धरून ठेवतो.

भांड्यांचा साबण, डिटर्जंट किंवा सोडा वापरू नका. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि अल्कलीमुळे त्यातली चरबी निघून जाऊन ते ताठर होतं. स्वेडच्या बैठकीला किंवा गुडघ्याच्या उशीला यातलं काहीच लावायचं नाही, फक्त कोरडा ब्रश.

वाळवणं सावलीत, वारा खेळेल अशा जागी, किमान रात्रभर. ऊन, हीटर, ड्रायरची गरम हवा सगळं टाळा. चामड्यातलं कोलॅजन ओलं असताना उष्णतेने आकसतं, आणि एकदा आकसून कडक झालेला पट्टा पुन्हा मऊ होत नाही.

७. कंडिशनर: कमी तेच बरं

चामडं अजून किंचित दमट वाटत असताना पातळ थर द्या, काही तास थांबा, गरज वाटली तरच दुसरा द्या आणि उरलेलं पुसून काढा. पट्ट्यांना खडबडीत बाजूने लावलं तर जास्त मुरतं, पण तंगाच्या पट्ट्यांना अगदी थोडंच लावा.

भरपूर तेल पाजणं हा नवख्यांचा सर्वांत महागात पडणारा उत्साह. जादा तेलाने तंतू ढिले पडतात, पट्टे ताणतात, शिवणीचा दोरा कुजायला लागतो आणि गाद्यांतल्या लोकरीत तेल उतरून गोळे होतात. नीट्सफूट तेल चामडं गडद करतं आणि कालांतराने हवेने घट्ट होतं, त्यामुळे ते वापरायचंच तर अगदी मोजकं. स्वयंपाकाचं तेल खवट होऊन चिकटतं. बुटाचं पॉलिश बैठकीला लावलं की रंग स्वाराच्या कपड्यांवर येतो.

८. दुरुस्ती: घरी काय, कारागिराकडे काय

घरी करता येतं ते असं: पट्ट्यांच्या लूपची शिवण, फ्लॅपची उसवलेली कड, बॅज, वरवरचे ओरखडे. कारागिराकडेच न्यायचं ते असं: ट्री, स्टिरप बार, तंगाचे पट्टे व नवारी, रिकिबीचे पट्टे, गाद्यांची भर. विभागणी सोपी आहे. ज्याच्या तुटण्याने माणूस पडू शकतो किंवा घोड्याची पाठ दुखावू शकते, त्याला घरी सुई लावायची नाही.

उसवलेली कड अशी शिवा:

- जुना दोरा दर तिसऱ्या टाक्यावर कापा आणि तुकडे ओढून काढा. उसवलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन चांगले टाके ठेवून त्यांवरूनच सुरुवात करा.
- शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्या, जाड थर असतील तर थोडा जास्त. दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा.
- जुन्याच भोकांतून जा. भोकं बुजली असतील तर आरी हळूच फिरवा. नवी भोकं पाडलीत तर चामडं पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखं त्या ओळीतून फाटेल.
- प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून न्या. दुसरी सुई आधीच्या दोऱ्यात घुसता कामा नये, म्हणून पहिला दोरा बाजूला ओढून धरा. दर वेळी त्याच क्रमाने, सारख्या ताणाने ओढा.
- शेवटी तीन टाके मागे येऊन दोरा चामड्यालगत कापा आणि हातोडीच्या गुळगुळीत तोंडाने शिवण हलकेच ठोका.

दोन सुयांच्या या टाक्यात एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. मशीनच्या टाक्यात तसं होत नाही, तिथे तुटलेला टाका शेजारच्या टाक्यांनाही सैल करतो.

९. घोड्यावर ठेवून बघा

खाली कोणतंही कापड न घालता ठेवा. पॉमेलखाली स्वार बसल्यावर दोन-तीन बोटं मावावीत. गलेटची रुंदी मागेपर्यंत तीन-चार बोटं हवी, म्हणजे गाद्या कण्यावर येत नाहीत. बैठकीचा सर्वांत खोल भाग मध्यावर, कमानीची टोकं खांद्याच्या हाडामागे आणि खोगिराचा भार शेवटच्या बरगडीपुढे. गादीखालून हात फिरवताना मधेच पोकळी लागली तर भार फक्त पुढे-मागे पडतोय. रुंदीला न बसणारं खोगीर खाली जाड कापड घालून बसवण्याचा मोह होतो. अरुंद खोगिराखाली जाड कापड घातलं की ते आणखी अरुंद होतं.

१०. वेस्टर्न खोगिराचं वेगळं

ट्री बहुधा लाकडावर कच्चं कातडं चढवलेला किंवा फायबरग्लासचा असतो, आणि तो लवायचा नसतो. पुढचा भाग जमिनीवर टेकवून कँटलवर दाब द्या. लवला तर संशय घ्या. हॉर्न, म्हणजे पुढच्या भागावरचा उभा खुंटा, घट्ट आहे का हलवून बघा. खालची मेंढीची लोकर कुठे टक्कल पडल्यासारखी झिजली आहे, त्यावरून भार कुठे पडत होता हे कळतं. तंग बांधायच्या लांब चामडी पट्ट्याची तपासणी तिसऱ्या टप्प्याप्रमाणेच. बैठकीचं माप हॉर्नच्या मुळाशी असलेल्या फुगवट्यापासून कँटलच्या मध्यापर्यंत घेतात, आणि ते इंग्लिश मापाहून साधारण दोन इंचांनी कमी भरतं.

११. किंमत ठरवणं

आधी ओळख पटवा. बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक, बैठकीचं माप आणि ट्रीची रुंदी सहसा स्कर्टखाली, फ्लॅपवर किंवा तंगाच्या पट्ट्यांजवळ ठसवलेली असतात. इंग्लिश बैठक पॉमेलच्या बाजूच्या बटणापासून कँटलच्या मध्यापर्यंत इंचांत मोजा. ठशावर विसंबू नका. रुंदीची नावं बनवणाऱ्यागणिक बदलतात, तेव्हा ‘मीडियम’ या शब्दाला एकट्याने अर्थ नाही.

मग हिशेब. त्याच बनावटीचं, त्याच मापाचं, चांगल्या स्थितीतलं खोगीर प्रत्यक्ष कितीला विकलं गेलं ते शोधा. जाहिरातीत मागितलेली रक्कम म्हणजे किंमत नव्हे. त्यातून गाद्यांची भर, पट्टे, शिवण आणि तपासणी यांचा कारागिराने सांगितलेला खर्च वजा करा. उरतं ती वरची मर्यादा. ट्री तुटलेला किंवा पिळलेला असेल तर वापराचं खोगीर म्हणून किंमत शून्य. धातूचे भाग निघतील तेवढंच. रुंदी बदलता येणारा ट्री किंमत वाढवतो. मालकाने केलेली पॉलिश आणि ‘फार कमी वापरलंय’ हे वाक्य वाढवत नाही: न वापरता दहा वर्षं पडून राहिलेलं खोगीर नीट वापरलेल्या खोगिरापेक्षा वाईट असू शकतं.

विक्रेत्याकडून मागायची कागदपत्रं: मूळ बिल, गाद्यांची भर बदलल्याची पावती, ट्री तपासल्याची कारागिराची लेखी नोंद आणि काही दिवस वापरून परत करायची लेखी मुभा. दुरून घेत असाल तर हे फोटो मागा: चारही बाजू, मागून सरळ रेषेत, उलटं करून गाद्या, वाकवलेले पट्टे, पट्ट्यांच्या शिवणी, दोन्ही स्टिरप बार आणि ठसे. पट्टे वाकवून फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी व्यवहार नको.

१२. ठेवणं

खोगीर ट्रीच्या आकाराच्या रुंद स्टँडवर ठेवा. खिळ्यावर किंवा एका बारीक दांडीवर नको, गाद्यांना तिथे कायमची खोबण पडते. जमिनीवर ठेवावंच लागलं तर पॉमेल खाली करून, कँटल भिंतीला टेकवून, मधे कापड घालून. आवरण सुती हवं. प्लॅस्टिकमध्ये ओल अडकते. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. ६५च्या वर बुरशी धरते. वापरात नसलेलं खोगीरही महिन्यातून एकदा आवरण काढून हवेवर ठेवा, फ्लॅप उचलून आत बघा आणि पट्ट्यांवरून कोरडं फडकं फिरवा. रिकिबी बारवरून काढून वेगळ्या टांगा, म्हणजे एकाच घडीवर पट्ट्याला ताण पडत नाही.